मुलांची बुद्धी मोजणाऱ्यांची तयारी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या कार्यकारी मंडळाने आजच्या व्याख्यानाचे निमंत्रण मला दिले, तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. तथापि निमंत्रणाबरोबरच दोन गोष्टी माझ्या कानी आल्या व विषय आपोआप ठरला. पहिली गोष्ट अशी की, शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांची बुद्धिचाचणी घ्यावी व तिच्या क्रमाने शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी सूचना आपल्या काही सभासदांनी केली आहे. दुसरी अशी की, मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना चाचण्यांचा सराव करण्यासाठी मुले हवी आहेत, ती आपल्या कुटुंबांतून मिळतील काय, अशी विचारणा मंडळाकडे झाली आहे. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. बुद्धिचाचणी घेणारा माणूस कसा तयार होतो हे एकदा ध्यानी आले, म्हणजे कोणत्या सूचनेला होकार द्यावा व कोणतीला नकार, हे आपले आपणांसच उमगेल. मी आयुष्याचा बराच काळ हे विद्यार्थी तयार करण्यात घालविला असल्यामुळे, त्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आपण मला द्याल अशी आशा आहे.

प्रथम या चाचण्यांचा थोडा इतिहास पाहू. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमली. सामान्य वर्गात ज्या मुलांचा अभ्यास चालत नाही, त्यांना ओळखून विशेष साहाय्य कसे द्यावे, हा तिच्यापुढील प्रश्न होता. आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची पहिली मोजपट्टी तयार केली. १९०८ साली तिची सुधारणा करताना त्यांनी प्रश्नांची वयानुसार मांडणी केली व त्यातून ‘मानसिक वय’ ही कल्पना रूढ झाली. पुढे १९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली, आणि १९१६ साली अमेरिकेत लुई टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून जो अंक लोकप्रिय केला, तोच आपला ‘बुद्ध्यंक’. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मुलाच्या कपाळी कायमचा शिक्का मारणे हा बिने यांचा हेतू नव्हता. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली व न वाढणारी वस्तू आहे, या मताला त्यांनी आपल्या लेखनातून स्पष्ट विरोध केला होता.

ही विद्या आपल्या प्रांतात यावयास फार काळ लागला नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तत्कालीन मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात, मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिने यांच्या पद्धतीची चाचणी बसविली व १९४० साली त्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही ‘बिने-कामत’ हे नाव भारतातील प्रत्येक मानसशास्त्रज्ञाला ठाऊक असते. १९५५ साली उत्तर प्रदेशात चं. मो. भाटिया यांनी, शब्दांवर कमी व हाताच्या कृतीवर अधिक अवलंबून असणारी पाच कसोट्यांची माला सिद्ध केली. न्यूयॉर्कचे डेव्हिड वेक्सलर यांनी १९४९ साली मुलांसाठी काढलेल्या चाचणीचे भारतीय रूप डॉ. आर्थर मालिन यांनी आपल्या नागपुरात तयार केले. पुण्यात १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीनेही बुद्धिमापनाच्या क्षेत्रात स्वतंत्र काम उभे केले आहे. म्हणजे हे शास्त्र आपणांस परके नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. पुष्कळांची अशी समजूत असते की, चाचणी म्हणजे तापमापक; तो कोणीही लावला तरी पारा तेवढाच चढणार. मुलांच्या वैयक्तिक बुद्धिचाचणीत असे घडत नाही. पेटीतील ठोकळे, चित्रे व प्रश्न हा साधनाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे मुलासमोर बसलेला परीक्षक. त्याचा आवाज, त्याची नजर, त्याच्या हातातील घड्याळ व त्याची लेखणी यांवर अखेरचा अंक अवलंबून असतो.

याचे मर्म समजावे म्हणून मी विद्यार्थ्यांना एका घोड्याची हकीकत सांगत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे फॉन ऑस्टेन नावाच्या गृहस्थांचा हान्स नावाचा घोडा होता. त्याला बेरीज-वजाबाकी विचारली की तो खुराने तितके ठोके देऊन बिनचूक उत्तर देई. मोठमोठे विद्वान चकित झाले. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने प्रयोग केले, तेव्हा असे दिसले की, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे सारे गणित संपते! विचारणारा मनुष्य ठोके मोजताना नकळत किंचित पुढे वाकत असे, व योग्य आकडा येताच त्याची मान सैल होऊन वर उठत असे. तेवढी खूण घोड्याला पुरे होती. फॉन ऑस्टेन लबाड नव्हते. आपण खूण देतो हे त्यांनाही ठाऊक नव्हते. आता विचार करा. घोड्याला जे कळते, ते सात वर्षांच्या चुणचुणीत मुलाला कळणार नाही काय? ठोकळा योग्य जागी जाताच परीक्षकाच्या ओठांवर हसू उमटले, चुकीचे उत्तर येताच त्याची लेखणी थांबली, तर मूल ते तत्काळ वाचते. म्हणून विद्यार्थ्याच्या शिक्षणातील पहिला धडा म्हणजे स्वतःच्या चेहऱ्यावर ताबा. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हे शब्द नमुन्याच्या प्रश्नांखेरीज उच्चारावयाचे नाहीत. मुलाच्या प्रयत्नांचे कौतुक करावे; उत्तराचे करू नये.

दुसरा धडा वयाचा. ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण पदव्युत्तर विद्यार्थीही मुलाचे वय काढताना घसरतात. समजा, चाचणीचा दिवस १० जून २०२४ आहे आणि मुलाचा जन्म २५ सप्टेंबर २०१५ चा. दहातून पंचवीस जात नाहीत, म्हणून एक महिना उसना घेऊन तीस दिवस मिळवावयाचे. पुढे पाचातून नऊ जात नाहीत, म्हणून एक वर्ष उसने घ्यावयाचे. वय निघते ८ वर्षे, ८ महिने, १५ दिवस. घाईने ‘चोवीसातून पंधरा गेले, नऊ वर्षे’ असे लिहिले, तर त्या मुलाची तुलना आपल्याहून थोरल्या मुलांशी होते व त्याचा अंक विनाकारण खाली येतो. शिवाय आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली किती माणसे आपल्या परिचयाची आहेत! प्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजींनी घातलेली ती तारीख सरकारी कामाला चालते, बुद्धिमापनाला चालत नाही. विद्यार्थ्याने आईला किंवा आजीला विचारून खरी तारीख मिळविली पाहिजे.

तिसरा धडा काटेकोरपणाचा. सूचना ज्या शब्दांत छापलेली आहे, त्याच शब्दांत बोलली पाहिजे. अंकस्मरणाचे आकडे सेकंदाला एक या गतीने उच्चारले पाहिजेत. कोणी दोन-दोनचे गट पाडून म्हटले, तर मुलाचे काम सोपे होते व तुलना निरर्थक ठरते. कोठून सुरुवात करावयाची, मूल अडखळल्यास मागे केव्हा जावयाचे, किती उत्तरे सलग चुकली म्हणजे थांबावयाचे, याचे प्रत्येक उपचाचणीचे नियम निराळे असतात. ते विद्यार्थ्याला इतके मुखोद्गत असावे लागतात की, त्याची नजर हस्तपुस्तिकेत न राहता मुलावर राहील. स्वयंपाकात मुरलेली गृहिणी पोळी लाटता लाटता मुलाचा पाढा ऐकते, तशी ही गोष्ट आहे.

चौथा धडा सर्वांत अवघड. तो म्हणजे पुन्हा विचारण्याचा. चाचणीतील खरे प्रश्न मी येथे सांगणार नाही. कारण ते घरोघर पोहोचले तर चाचणी निरुपयोगी होईल. एक काल्पनिक प्रश्न घेऊ. ‘विळा म्हणजे काय?’ असे विचारले. एक मुलगा म्हणाला, ‘गवत कापायचे हत्यार.’ उत्तर स्पष्ट आहे. दुसरा म्हणाला, ‘शेतात असतो.’ याला ठाऊक आहे की नाही? अशा वेळी परीक्षकाने तटस्थ स्वरात ‘आणखी जरा सांग’ एवढेच म्हणावयाचे असते. ते न म्हणता शून्य गुण दिले, तर मुलावर अन्याय होतो. ‘त्याने काय कापतात?’ असे विचारले, तर उत्तरच पदरात टाकल्यासारखे होते. तिसऱ्याने ‘इळा व्हय? वैरण कापाया लागतो,’ असे सांगितले, तर शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याची मात्र परीक्षा होते! मुलाची बोली निराळी आहे, ज्ञान पूर्ण आहे. म्हणून माझा आग्रह असे की, मराठी मुलांची चाचणी घेऊ इच्छिणाऱ्याने कोल्हापूरची, खानदेशची, वऱ्हाडची व कोकणची बोली कानांवरून जाऊ दिली पाहिजे; आणि मुलाचे उत्तर आपल्या शुद्ध भाषेत न घालता, त्याच्या शब्दांत जसेच्या तसे टिपून घेतले पाहिजे.

विद्यार्थी हे सारे शिकतो कसे? प्रथम तो हस्तपुस्तिका वाचतो, मग सहाध्यायावर सराव करतो, मग अनुभवी परीक्षकाचे काम पाहतो आणि नंतर मुलांच्या चाचण्या घेतो. केवळ सरावाने हात बसतो, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु १९९० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या अभ्यासांतून असे आढळले की, एकामागून एक चाचण्या घेऊनही विद्यार्थ्यांच्या चुका फारशा कमी होत नाहीत. तीच चूक पुनःपुन्हा होऊन पक्की होते. पुन्हा विचारावयाचे राहणे, उत्तर अपुरे टिपणे, जरुरीपेक्षा अधिक गुण देणे आणि बेरीज चुकणे, ह्या त्यांतील नेहमीच्या चुका. यावर उपाय एकच: प्रत्येक उत्तरपत्रिका शिक्षकाने ओळीने तपासणे, आणि विद्यार्थ्याला चाचणी घेताना प्रत्यक्ष किंवा चित्रफितीवर पाहून त्याच दिवशी त्याची चूक दाखविणे. एकेका पत्रिकेला शिक्षकाचा तास-दीड तास सहज लागतो. म्हणून हा विषय मोठ्या वर्गात फळ्यावर शिकविता येत नाही. गवयाने शिष्याला समोर बसवून गळा तयार करावा, तशीच ही विद्या हाताखाली घेऊन द्यावी लागते.

एवढ्या काटेकोरपणाची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. त्यासाठी एक हिशेब मांडतो. बिने-कामत चाचणीत लहान वयाच्या प्रत्येक वर्षासाठी सहा कसोट्या असतात, म्हणजे एक कसोटी दोन महिन्यांची. समजा, पाच वर्षांच्या म्हणजे साठ महिन्यांच्या मुलाचे मानसिक वय ४२ महिने आले. बुद्ध्यंक झाला ७०. आता परीक्षकाने दोनच ठिकाणी पुन्हा विचारण्याचा कंटाळा केला असेल, आणि ती दोन उत्तरे खरोखर मुलाला येत असतील, तर मानसिक वय ४६ महिने व बुद्ध्यंक ७७ होतो. मतिमंदत्व ठरविताना साधारणतः सत्तरची रेषा विचारात घेतली जाते. म्हणजे दोन आळसांची किंमत एवढी की, मूल त्या रेषेच्या काठावर उभे राहते! अर्थात् केवळ अंकावरून असा निर्णय करू नये, मुलाचे रोजचे वागणे, कपडे घालणे, जेवणे, खेळणे, बोलणे हेही पाहिलेच पाहिजे, असे शास्त्र सांगते. त्या कामी एडगर डॉल यांची सामाजिक परिपक्वतेची श्रेणी, नागपूरच्या मालिन यांनी केलेल्या भारतीय रूपात, आपल्याकडे वापरली जाते. परंतु घाईत असलेली शाळा किंवा घाबरलेला बाप अंकच तेवढा लक्षात ठेवतो.

अशा निष्काळजीपणाने कोणता अनर्थ होतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक या तरुणीला मंदबुद्धी ठरवून, तिला मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली अनुमती दिली. तिची तान्ही मुलगी व्हिव्हियन हिला केवळ पाहून ‘ही काही ठीक दिसत नाही’ अशी साक्ष एका समाजसेविकेने दिली होती. पुढच्या संशोधनात असे दिसून आले की, कॅरी मंदबुद्धी नव्हती. आणि तीच व्हिव्हियन १९३१ साली शाळेतील चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादीत झळकली होती. दुर्दैवाने ती आठव्या वर्षीच आजाराने वारली. अपुऱ्या तयारीच्या माणसांनी दिलेला शेरा किती दूरवर जातो, हे यावरून दिसेल.

चांगल्या परीक्षकाने घेतलेल्या चाचणीलाही मर्यादा असते. वेक्सलरच्या पद्धतीच्या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते व सुमारे दोन-तृतीयांश मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. एकूण अंकात पाच-सहा गुणांचा फरक इकडे-तिकडे होऊ शकतो. म्हणून १०४ चे मूल ९९ च्या मुलापेक्षा हुशार आहे असे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. शिवाय प्रमाणके जुनी होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ साली दाखवून दिले की, अनेक देशांत विसाव्या शतकात दर दहा वर्षांनी सरासरी सुमारे तीन गुणांनी वाढत गेली. अशा ठिकाणी जुन्या प्रमाणकांवर काढलेला अंक फुगलेला असतो. वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीच्या १९७४, १९९१, २००३ व २०१४ साली नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या, त्यामागे हेही एक कारण आहे. आपण वापरतो ती चाचणी कोणत्या साली, कोणत्या मुलांवर प्रमाणित झाली, हे सांगता न येणाऱ्या विद्यार्थ्याला मी उत्तीर्ण करीत नसे.

आता मंडळापुढील दोन प्रश्नांकडे येऊ.

शिष्यवृत्तीसाठी बुद्धिचाचणी घ्यावी, या सूचनेला माझा नम्र पण स्पष्ट विरोध आहे. ज्या साधनात पाच गुणांचा फरक अर्थहीन असू शकतो, त्याच्या आधारे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लावणे हे शास्त्राला धरून नाही. मुंबईच्या इंग्रजी शाळेतील मुलगा व तालुक्याच्या गावी वाढलेली मुलगी यांना एकाच मापाने मोजण्यात न्यायही नाही. शिष्यवृत्ती गरजू आणि कष्टाळू विद्यार्थ्यासाठी आहे. घरची परिस्थिती व वर्षभराचे काम पाहून ती द्यावी. याच संदर्भात आणखी एक बोलतो, व ज्ञातीच्या व्यासपीठावरून ते बोलणे मला कर्तव्य वाटते. ‘आपल्या ज्ञातीची मुले मूळचीच बुद्धिमान’ असे वाक्य आपल्या समारंभांतून अधूनमधून ऐकू येते. बुद्धिचाचण्यांचा आधार त्याला देऊ नये. घरातील पुस्तके, आईबापांचे शिक्षण, पोषण, शाळा यांचा चाचणीच्या अंकावर परिणाम होतो, हे सुविदित आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षरओळख नाकारली गेली, त्यांच्या मुलांशी आपल्या मुलांच्या अंकांची तुलना करून अभिमान बाळगणे, हे शास्त्र तर नव्हेच, पण सज्जनपणाही नव्हे.

दुसऱ्या सूचनेला मात्र माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. सरावासाठी मुले मिळाली नाहीत, तर परीक्षक तयार होणार नाहीत. आणि ते तयार झाले नाहीत, तर अडलेल्या मुलांना योग्य निदान मिळणार नाही. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेला बसणाऱ्या अध्ययन-अक्षम मुलांना सवलती मिळतात; त्यासाठीच्या तपासणीत बुद्धिमापनाचा भाग असतो. असे मूल आपल्याही घरात असू शकते. परंतु काही अटी पाळाव्यात. आईवडिलांची लेखी संमती घ्यावी व मुलालाही विचारावे. त्याने ‘नको’ म्हटल्यास आग्रह धरू नये. सरावातील अंक कोणालाही, आईवडिलांनाही, सांगितला जाणार नाही, हे आधीच मान्य करावे; कारण शिकाऊ हाताने काढलेला तो अंक विश्वासार्ह नसतो. पत्रिकेवर मुलाचे नाव नसावे. ज्या मुलाच्या अभ्यासाविषयी खरोखर काळजी वाटते, त्याला सरावासाठी देऊ नये. एकदा ओळखीचे झालेले प्रश्न थोड्याच काळात पुन्हा विचारले तर उत्तरे सोपी जातात, व खऱ्या तपासणीच्या वेळी घोटाळा होतो. अशा मुलाला सरळ जाणत्या मानसशास्त्रज्ञाकडे न्यावे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेकडे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीचे काम आले आहे. तेव्हा नोंदणी विचारण्यात संकोच मानू नये. कोणती चाचणी घेतली, कोणत्या भाषेत घेतली, मूल त्या दिवशी थकलेले वा आजारी होते काय, आणि या अहवालावरून आम्ही घरी व शाळेने वर्गात काय करावयाचे, एवढे प्रश्न प्रत्येक आईबापाने विचारावेत. ज्या अहवालात केवळ अंक आहे व पुढचा मार्ग नाही, तो अहवाल अपुरा समजावा.

माता-भगिनींना एक विनंती आहे. मुलाला चाचणीला नेण्यापूर्वी बाजारात मिळणारी प्रश्नांची पुस्तके घोकवून घेऊ नका, आणि ‘नीट उत्तरे दे, नाहीतर...’ अशी धमकीही देऊ नका. पोटभर जेवून, झोप पूर्ण झालेले, चष्मा असल्यास चष्मा घातलेले मूल घेऊन जावे. एवढीच पूर्वतयारी पुरेशी आहे.

आज आपल्या ज्ञातीतील अनेक मुली मानसशास्त्राच्या वर्गात शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना माझे सांगणे एवढेच की, समोर बसलेल्या मुलाला आपण परीक्षा देत आहोत असे वाटते. वस्तुतः त्या तासाभरात तुमच्या सावधपणाची, सहनशीलतेची व प्रामाणिकपणाचीही परीक्षा चालू असते. बेरीज दोनदा तपासा. शंका असेल तेथे शिक्षकांना विचारा. आणि अंक लिहिताना, हा कागद कोण्या आईच्या हातात पडणार आहे, याचे स्मरण ठेवा.

मंडळाने दोन्ही सूचनांचा विचार येत्या बैठकीत करावा, अशी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.